मिठाच्या दाराचा खरा शेवट

समितीचं अध्यक्षपद खारूकडे आलंय, हे पत्र वाचून ग्रंथपालबाईंना आधी आनंद झाला आणि पाठोपाठ धास्ती वाटली.

खारू म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. लहानपणी पेन्सिली, खोडरबर, पुस्तकांचे कोपरे, हाती लागेल ते कुरतडायची, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. आता ती त्रेचाळीस वर्षांची होती, मोठ्या शहरात साहित्य शिकवायची. कल्पनारम्य पुस्तकांविषयी तिने चार बरे शब्द लिहिले की प्रकाशक ते मलपृष्ठावर छापायचे, आणि तिने नाक मुरडलं की ते पुस्तक बसलंच म्हणून समजायचं.

बाई स्वतः सदतीस वर्षं एकाच सार्वजनिक ग्रंथालयात होत्या. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. एवढ्या वर्षांत त्यांनी विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचा एक स्वतंत्र विभाग उभा केला होता. चार हजारांवर पुस्तकं. दुसऱ्या ग्रंथालयांनी पोरखेळ म्हणून टाकून दिलेली, यंत्रमानवांची, उडत्या बेटांची, बोलणाऱ्या जंगलांची ही पुस्तकं बाईंनी तळहाताच्या फोडासारखी जपली होती. फाटली की स्वतः शिवली, वाळवी लागली की पान न् पान पुसलं.

आता ग्रंथालय नव्या इमारतीत जाणार होतं. तिथे मऊ खुर्च्या होत्या, कॉफीचं यंत्र होतं, आणि या विभागाला चारशे पुस्तकांपुरती जागा होती. ती चारशे कुठली, हे समितीने ठरवायचं. पुढे ती यादी छापून सगळ्या शाळांना पाठवायची. उरलेली पुस्तकं कागदगिरणीत.

बैठकांच्या दिवसांत खारू अर्थातच मावशीकडे उतरली. बाईंनी तिच्यासाठी तिची जुनी खोली झाडून ठेवली, उशीला नवा अभ्रा घातला. आल्या आल्या खारूने बूट एकीकडे, पिशवी दुसरीकडे टाकली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढून बसली.

"मावशी, आधीच सांगते. समितीत तू माझी मावशी नाहीस हं."

"मग कोण?"

"सदस्य-सचिव. मताचा अधिकार नसलेल्या."

"म्हणजे घरात होते तशीच," बाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

पहिली बैठक ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत भरली. लांबलचक टेबल, त्यावर शाईचे जुने डाग, आणि एक खिडकी जी उघडली की बंद होत नसे. समितीत खारू सोडून दोघं होते. एक निवृत्त प्राध्यापक, शिडशिडीत, प्रत्येक वाक्य पाठ करून आल्यासारखे बोलणारे. दुसरा पुस्तकविक्रेता, ज्याच्या दुकानावर अर्धं गाव लहानाचं मोठं झालं होतं.

बाईंनी टेबलावर पुस्तकं मांडली होती, पण सगळी उलटी, शेवटचं पान वर. त्या पानाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर पुस्तक घरी नेल्याच्या तारखांचे शिक्के होते. काही चिठ्ठ्या कोऱ्या, काही शिक्क्यांनी निळ्या झालेल्या, काहींना खाली दुसरी, तिसरी चिठ्ठी जोडलेली.

"माझं म्हणणं एवढंच आहे," बाई म्हणाल्या, "की यादी करण्याआधी एकदा या चिठ्ठ्या बघा. लोकांनी कधीचीच निवड करून ठेवलीय."

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. "बाई, गर्दीवरून मोठेपण ठरवायचं तर उद्या बसथांब्यालाही पारितोषिक द्यावं लागेल."

"सरांच्या तिन्ही पुस्तकांना माझ्या दुकानात गर्दीचा कधी त्रास झाला नाही," पुस्तकविक्रेता म्हणाला.

प्राध्यापकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुम्ही विकणारे. तुम्हाला खपतं ते थोर. साहित्य म्हणजे वजनकाट्यावर..."

"अहो, आणि तुम्ही कोण? पन्नास वर्षं मुलांना सांगत आलात की राक्षस आणि अंतराळयानं म्हणजे साहित्य नव्हे. आता यादी करायची वेळ आली तर तुम्हीच दारावरचे पहारेकरी!"

खारूने पेन्सिलीने टेबलावर टकटक केलं. "भांडण चांगलं आहे, पण खरा प्रश्न वेगळाच आहे. वाचक ठरवतात, असं मावशी... बाई म्हणतात. पण वाचकाच्या हाती काय पडणार हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतंच. बाई, सदतीस वर्षं कुठलं पुस्तक घ्यायचं, कुठलं दर्शनी ठेवायचं, कुठलं वरच्या फळीवर टाकायचं, हे तुम्हीच ठरवलंत ना? फक्त त्याला यादी म्हणत नव्हतो, इतकंच."

पोरगी बोलली ते खरं होतं. बाईंना नको तिथे अभिमानही वाटला.

दुपारपर्यंत दीडशे पुस्तकं पार पडली. वाद झाले, हातघाईवर आले, चहा आला की थंडावले. मग पुस्तकविक्रेत्याने ढिगातून एक पातळसं पुस्तक उचललं. निळं, विटलेलं, कापडाची पाठ बाईंनीच कधीतरी शिवलेली. 'मिठाचं दार'.

"नको," खारू पुस्तकाला हातही न लावता म्हणाली.

"हे तुमच्या त्या गाजलेल्या लेखातलंच ना?" प्राध्यापक उत्साहाने म्हणाले. "'फसवी पहाट'! मी निवृत्त होईपर्यंत वर्गात शिकवला तो. ज्या पुस्तकात मेलेली आई सकाळच्या पावलांनी परत येते, ते पुस्तक मुलाला धीर देत नाही, दारात ताटकळत ठेवतं. काय वाक्य आहे!"

"त्या लेखिकेला खरं सांगायची हिंमत नव्हती," खारू म्हणाली. "मुलांसाठी लिहिणाऱ्याने एवढा भित्रेपणा करू नये. पुढचं घ्या."

पुस्तकविक्रेत्याने पुस्तक गिरणीच्या ढिगात ठेवलं. बाईंनी इतिवृत्ताच्या वहीत नाव लिहिलं, पुढे फुली मारली.

ते पुस्तक तसं नव्हतं. त्यातली आई परत येतच नाही. आणि हे या खोलीत, बहुधा साऱ्या जगात, फक्त बाईंना ठाऊक होतं.

खारू सहा वर्षांची असताना तिची आई तीन आठवड्यांच्या आजारात गेली. बाप जहाजावर नोकरीला होता. तो आला, रडला, परत गेला आणि दूरच्या एका बंदरात त्याने दुसरा संसार मांडला. बाई तेव्हा बावीस वर्षांच्या, ग्रंथालयात नुकत्या लागलेल्या. घरात पोर आणि त्या, दोघीच. शाळा सुटली की खारू ग्रंथालयात यायची आणि पुस्तकं शिवायच्या खोलीत, खळीच्या डब्याशेजारी बसून मावशीकडून गोष्ट ऐकायची. रोज एक प्रकरण.

'मिठाचं दार' बाईंनी नीट न बघताच उचललं होतं. एका मुलीची आई समुद्रातल्या मिठाच्या दारापलीकडे जाते आणि मुलगी तिला शोधायला निघते. ऐकताना खारूने खाणंपिणं सोडलं. बाविसाव्या, शेवटच्या प्रकरणात मुलगी दारापाशी पोचते. पलीकडे आई असते. पण दार उघडं राहिलं तर समुद्र आटत जाणार असतो, आणि ते अलीकडूनच बंद करता येतं. मुलगी आईला डोळे भरून बघते आणि स्वतःच्या हाताने दार लावते. एवढाच शेवट.

बाईंची नजर त्या ओळीवर पुढे धावली होती. समोर खारू, तोंडात वेणीचं टोक. "मावशी, मग ती घरी येते ना?"

बाईंनी पान उलटलं आणि पुस्तकात नसलेलं वाचलं. "आणि एका सकाळी, मुलीच्या ध्यानीमनीही नसताना, जिन्यावर आईची पावलं वाजली."

खारूने सुस्कारा टाकला आणि त्या दिवशी पोटभर जेवली. बाईंनी पुस्तक कपाटाच्या वरच्या खणात टाकलं. पोरीने ते पुन्हा मागितलं नाही. बाईंना वाटलं, विसरली.

सतरा वर्षांनी 'फसवी पहाट' छापून आला. बाईंनी तो उभ्याउभ्याच वाचला आणि मग खुर्ची शोधली. पोरीने पुस्तक उघडूनही पाहिलं नव्हतं. लहानपणी ऐकलेलं तेच प्रमाण मानून तिने निकाल दिला होता. सांगायला हवं होतं. पण त्याच लेखावर खारूला पहिली नोकरी लागली, फोनवर तिचा आवाज आनंदाने फुटत होता, आणि बाई मूग गिळून बसल्या. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता वीस वर्षं गेली. पुस्तक आधीच फारसं मिळत नव्हतं. लेखानंतर कुणी ते छापलंही नाही. पुस्तकाबद्दल जो तो लेखावरून बोलायचा.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती बाई स्वतःलाही फारशी आठवू देत नसत. 'मिठाचं दार' लिहिणारी बाई त्याच गावची होती, टेलिफोन खात्यात ऑपरेटर. उभ्या आयुष्यात हे एकच पुस्तक. वर्षातून एकदा ग्रंथालयात यायची, "आहे ना हो अजून माझं?" असं विचारायची आणि फळीवरचं पुस्तक बोटाने सरळ करून जायची. लेख आला त्या वर्षी ती अंक घेऊनच आली.

"बाई, तुम्ही पुस्तकातल्या माणूस, म्हणून विचारते," ती म्हणाली. "ह्या मुलीने लिहिलंय, आई परत येते. माझ्यात तर येत नाही. हिने कुठलं पुस्तक वाचलं असेल?"

बाई म्हणाल्या, "काय की. गफलत झाली असेल."

"मी लिहिलं होतं त्यांना. संपादकांना. दोनदा. त्यांना वाटलं असेल, म्हातारी चिडलीय." मग जरा थांबून ती म्हणाली, "माझी लेक गेली तेव्हा लिहिलं होतं हो. आई-लेकीची अदलाबदल केली, एवढंच. दार मलाच लावावं लागलं होतं."

ती आणखी दोन वर्षं आली, मग आली नाही. तिच्या जाण्याची बातमी वर्तमानपत्रात चार ओळींची होती. त्यात पुस्तकाचा उल्लेखही नव्हता.

बैठक संपली. घरी येताना खारू रस्ताभर प्राध्यापकांची नक्कल करत होती. बाईंच्या पिशवीत निळं पुस्तक होतं. गिरणीच्या ढिगातून त्यांनी ते उचलून आणलं होतं. सदतीस वर्षांत ग्रंथालयाची वस्तू नोंद न करता त्यांनी पहिल्यांदाच घरी आणली.

स्वयंपाकघरात दुपारचं ऊन होतं. खारू मटार सोलायला बसली, सोलता सोलता निम्मे खात होती.

"खारू, हे वाच. शेवटचं प्रकरण फक्त."

खारूने पुस्तक पाहिलं. "मावशी, झालंय ते. तू माझी मावशी आहेस म्हणून पुस्तक आत घ्यायचं? आपला तो बाब्या?"

"मत बदलू नकोस. वाच फक्त."

खारूने हात पुसले. बाई तिच्याकडे पाठ करून ओट्याशी उभ्या राहिल्या. पानं उलटल्याचा आवाज आधी भरभर येत होता, मग सावकाश, मग थांबला. पुन्हा मागे उलटल्याचा आवाज आला.

"ही दुसरी आवृत्ती आहे का?"

"एकच आवृत्ती निघाली."

"मग आई..." खारूने वर पाहिलं. "तू वेगळं वाचलंस."

"हो."

"जिन्यावरची पावलं. ती तुझी?"

"तू विचारलंस, घरी येते ना. मला नाही म्हणवेना गं. तू आठवडाभर नीट जेवली नव्हतीस."

मटाराचं एक साल खारूने आडवं फाडलं, मग उभं.

"सकाळी मी पेपर आणायला जिन्यात जायचे, आठवतं?" ती म्हणाली.

"न आठवायला काय झालं! शेजारणींना कौतुकाने सांगायचे मी. एवढीशी पोर, पण पेपर आणल्याशिवाय शाळेत जात नाही."

"पेपर सहाला पडायचा, मावशी. मी साडेसातपर्यंत बसायचे."

बाई वळल्या.

"दोन वर्षं," खारू म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, हेच बाईंना सोसवेना. "ध्यानीमनी नसताना येते, असं होतं ना? म्हणून मी तिचा विचार न करायचा सराव करायचे. पायऱ्या मोजायचे, पाढे म्हणायचे. विचार आला की वाटायचं, आजही माझ्यामुळेच आली नाही. मग एक दिवस आपोआप कळलं. कुणी सांगितलं नाही. आणि मी त्या पुस्तकाचा राग धरला. तुझा कसा धरणार? मला तू एकटीच होतीस."

बाई पुढे झाल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवायला. खारूने डोकं मागे घेतलं नाही, पण ते त्या हाताखाली आलंही नाही.

"मला ठाऊक नव्हतं गं. देवाशपथ ठाऊक नव्हतं."

"ते मी समजू शकते. बावीस वर्षांची होतीस, बहीण गेली होती, पदरात परक्याचं... नाही, आपलंच पोर. मीही तेच वाचलं असतं कदाचित." खारूने पुस्तकावरचं लेखिकेचं नाव बोटाने वाचलं. "पण माझा लेख आला तेव्हा? ह्या बाई तेव्हा होत्या?"

बाईंनी सगळं सांगितलं. अंक घेऊन आलेली ऑपरेटर, संपादकांना लिहिलेली दोन पत्रं, गेलेली लेक. लपवायचं काही उरलं नव्हतं. सांगताना त्यांना वाटत होतं की मन मोकळं होईल. ते तसं काही झालं नाही.

"ती बाई तुझ्यासमोर उभी राहून विचारत होती," खारू म्हणाली, "आणि तू म्हणालीस, गफलत झाली असेल?"

"तुझी नोकरी गेली असती."

"गेली असती! दुसरी मिळाली असती. नाव खराब झालं असतं, तर पुन्हा कमावलं असतं. तिचं एकच पुस्तक होतं, मावशी. मी भर चौकात तिला भित्री म्हटलं, लेक गेलेल्या बाईला, आणि वीस वर्षं माझी पोरं ते वाक्य परीक्षेत लिहितायत. तुला ठाऊक होतं. रोज."

"तुझ्यासाठीच केलं गं सगळं."

"तेच," खारू म्हणाली. "प्रत्येक वेळी माझ्यासाठी. म्हणजे मी भांडूही नये."

तिने बूट घातले, पिशवी भरली. बाई दारात उभ्या राहिल्या. जेवून जा, एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. खारूने मान हलवली, आणि बैठकीचे उरलेले दिवस ती स्टेशनजवळच्या अतिथिगृहात राहिली.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे खारू उभं राहून बोलली. "काल मी एक पुस्तक बाहेर काढलं. ते पुस्तक मी वाचलेलं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी त्यावर लेख लिहिला तेव्हाही नव्हतं. काल वाचलं. ते यादीत असावं असं माझं मत आहे, आणि लेख चुकीचा होता हे मी छापून सांगणार आहे."

प्राध्यापकांच्या हातातला कप बशीवर वाजला. "न वाचता? आणि आम्ही तो शिकवला?"

"तुम्हीही वाचलं नव्हतं ना, सर?" पुस्तकविक्रेता हळूच म्हणाला. आज त्याने विनोद केला नव्हता. "मीही नाही. लेख वाचला आणि मागवायचं बंद केलं."

दोन मतांनी पुस्तक आत आलं. लेखिका भित्री नव्हती, असंही इतिवृत्तात लिहा, असं खारूने बजावलं. "हे चुकीचं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" असं प्राध्यापकांनी खोदून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "जबाबदारी माझी आहे." बाई तिच्या बाजूला बसून लिहीत होत्या. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. बाईंना वाटलं, हिने माझं नाव घेतलं असतं, चारचौघांत शिव्या दिल्या असत्या, तरी बरं झालं असतं.

चारशेची यादी पुरी करून खारूने अध्यक्षपद सोडलं. तिचं जाहीर पत्र छापून आलं तेव्हा लोकांनी व्हायचा तो तमाशा केला. न वाचता निकाल देणारी, असं तिच्याच विद्यार्थ्यांनी लिहिलं. तिने एकालाही उत्तर दिलं नाही. बाईंनी संपादकांना पत्र लिहायला घेतलं, खोटं मी वाचलं होतं म्हणून, आणि आधी खारूला फोन करून विचारलं.

"नको," खारू म्हणाली. "आता तू मध्ये पडू नकोस."

मग एका सकाळी गिरणीची गाडी आली. साडेतीन हजारांवर पुस्तकं. हमाल ती दोरीने बांधून खिडकीतून खाली देत होते. बाई फाटकाशी उभ्या राहून एकेक गठ्ठा बघत होत्या. कुठलं पुस्तक कुणी नेलं होतं, कुणी पावसात भिजवलं होतं, कुणी परत देताना रडलं होतं, हे त्यांना पाठीवरच्या टाक्यांवरून ओळखू येत होतं. त्यातल्या प्रत्येकाबद्दल समितीत कुणीतरी 'नको' म्हटलं होतं. त्यातली किती खरोखर कुणी वाचली होती, कोण जाणे. गाडी भरली तेव्हा हमालाने विचारलं, "बाई, एखादं ठेवायचंय का घरी?" त्या म्हणाल्या, "एखादं कसं निवडू?"

वर्षभराने बाई निवृत्त झाल्या. 'मिठाचं दार' नव्याने निघालं, पुस्तकविक्रेत्यानेच छापलं. शाळांनी मागवलं, पोरं वाचू लागली. खारूने प्रस्तावना लिहिली होती. एक प्रत टपालाने बाईंकडे आली, आत चिठ्ठी नव्हती. बाईंनी प्रस्तावना सावकाश वाचली. ऑपरेटर बाईंबद्दल लिहिलेलं वाचून त्यांचे डोळे भरून आले. इतकं नेमकं आणि इतक्या मायेने त्या बाईंविषयी कुणी लिहिलं नव्हतं. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं. 'लहानपणी मला या कथेचा वेगळा शेवट सांगण्यात आला होता.' कुणी, ते नव्हतं. बाईंनी ते वाक्य पुन्हा वाचलं, आणि पुन्हा.

मग फोन लावला.

"पुस्तक मिळालं," त्या म्हणाल्या. "चांगलं लिहिलंयस."

"बरं झालं पोचलं ते." पलीकडे कपबश्यांचा आवाज येत होता. "गुडघा कसा आहे?"

"बरा आहे. खारू..."

"मावशी, माझा वर्ग आहे आता. औषध वेळेवर घे."

"घेते," बाई म्हणाल्या.